६३० आणि २२०० मीटर बँडवर बीकन: सिग्नल तयार करायचा कसा?

ओहायोकर
नमस्कार मंडळी. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, जुन्या धाग्यावर तिघाचौघांनी विचारलं होतं, की लाँगवेव्हवर बीकन (तोच संदेश आपोआप पाठवत राहणारा ट्रान्समीटर) लावायचा तर रिग (तयार रेडिओसंच) कोणता घ्यायचा. तिथे अवांतर वाढायला लागलं म्हणून हा वेगळा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो: रिग घेऊच नका. या बँडवर सिग्नल तयार करणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. पैसे आणि डोकं खर्च होतं ते घड्याळावर आणि अँटेनाच्या कॉइलवर.

आधी बँड. २२०० मीटर म्हणजे १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत तो हौशींना मिळाला, मर्यादा १ वॅट ईआयआरपी (अँटेनाची दिशा धरून, हवेत प्रत्यक्ष किती पॉवर जाते त्याचं माप). ६३० मीटर म्हणजे ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ, तो २०१२ च्या परिषदेत आला. दोन्हीकडे आपण दुय्यम वापरकर्ते, म्हणजे घरमालक आला की पोटभाडेकरूने निमूट उठायचं. अमेरिकेत दोन्ही बँड २०१७ मध्ये खुले झाले, ६३० वर बहुतेक ठिकाणी ५ वॅट ईआयआरपीपर्यंत. पण इथल्या वीज कंपन्या उच्चदाब वाहिन्यांवरून याच पट्ट्यात आपले संदेश पाठवतात. त्यामुळे आधी युटिलिटीज टेक्नॉलॉजी कौन्सिलला आपलं ठिकाण कळवायचं, ३० दिवस थांबायचं, हरकत आली नाही तरच सुरू करायचं. अशी वाहिनी १ किलोमीटरच्या आत असेल तर नाद सोडायचा.

२२०० चा अख्खा बँड २.१ किलोहर्ट्झ रुंद आहे. त्यात एसएसबीने (हॅमची बोलण्याची नेहमीची पद्धत) पाठवलेला एक धड आवाज मावत नाही. म्हणून अरुंद डिजिटल मोड, आणि त्यातही सगळ्यात रुळलेला म्हणजे व्हिस्पर (डब्ल्यूएसपीआर). जो टेलर यांनी २००८ मध्ये काढला. हे तेच टेलर, ज्यांना जोडपल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नॉइजमध्ये गाडला गेलेला सिग्नल खणून काढायची त्यांची सवय इथे पुरेपूर दिसते.

व्हिस्परच्या एका संदेशात फक्त ५० बिट: कॉलसाइनला (हॅमची परवान्यावरची ओळख) २८, लोकेटरला (ठिकाणाचा छोटा कोड) १५, पॉवरला ७. चुकादुरुस्तीचा कोड लावून त्यांची १६२ चिन्हं होतात आणि प्रत्येक चिन्ह म्हणजे चार टोनपैकी एक. दोन टोनमधलं अंतर १.४६४८ हर्ट्झ, एक चिन्ह ०.६८२७ सेकंद टिकतं, सगळं मिळून ११०.६ सेकंद. सम मिनिट सुरू झालं की एका सेकंदाने पाठवायला लागायचं. सिग्नलची रुंदी साधारण ६ हर्ट्झ. २५०० हर्ट्झ पट्ट्यातल्या नॉइजपेक्षा सिग्नल २८ डेसिबल खाली असला, तरी डीकोड होतो.

आता मुद्द्याचं. यात ॲम्प्लिट्यूड कधीच बदलत नाही, फक्त फ्रिक्वेन्सी बदलते. म्हणजे लिनिअर ॲम्प्लिफायरची गरज संपली. चौकोनी लहर, गेट ड्रायव्हर, त्याने चालवलेले दोन मॉसफेट (पॉवर ट्रान्झिस्टर), पुढे लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा), बस्स. दुसरं असं की बीकनचा संदेश रोज तोच असतो. कॉलसाइन तेच, लोकेटर तेच, पॉवर तीच, म्हणून १६२ चिन्हंही तीच. मायक्रोकंट्रोलरला एन्कोडर शिकवायची गरज नाही. संगणकावर एकदा चिन्हं काढून घ्यायची (या मोडांचं सॉफ्टवेअर डब्ल्यूएसजेटी-एक्स, त्याच्या सोर्समध्ये त्यासाठी छोटी युटिलिटी आहे) आणि प्रोग्राममध्ये ॲरे म्हणून चिकटवायची.

टोमणेबहाद्दर
दोन मिनिटांत ५० बिट! एवढ्या वेळात माझी आत्या फोनवर अख्ख्या खानदानाची खबरबात देते. गंमत बाजूला, पण पाठवून मिळतं काय? तो गप्पांचा डिजिटल मोड, एफटी८, का नाही चालवत?

ओहायोकर
चालवतात की. ६३० वर एफटी८ ची गर्दी असते. पण एफटी८ ला साधारण उणे २१ डेसिबल लागतात, व्हिस्परला उणे २८. हा ७ डेसिबलचा फरक पॉवर वाढवून भरायचा तर पाचपट पॉवर लागेल. आणि बीकनला गप्पा मारायच्याच नाहीत. रात्री लावून झोपायचं, सकाळी उठून बघायचं कुणाकुणाच्या कानावर पडलं. सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपास रिपोर्ट कसे वर-खाली होतात, हे बघण्यातच निम्मी मजा आहे.

केतकी_कराड
काका, धागा एकदम वेळेवर आला. वाचनखूण साठवली आहे. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी हेच करतेय. एडी९८५० (हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणारी डीडीएस चिप) चं मॉड्यूल आणि अर्डुइनो उनो (मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आहे. एडी९८५० ने थेट १३७.५ किलोहर्ट्झ काढले, वॉटरफॉलवर (फ्रिक्वेन्सीच्या सरकत्या चित्रात) चार टोन स्वच्छ दिसतात, पण डीकोड होत नाही. टोनचं अंतर मोजलं, ते बरोबर आहे. कुठे बघू?

ओहायोकर
केतकी, उनोचं घड्याळ बघ. त्या बोर्डावरच्या एटमेगा या मायक्रोकंट्रोलरला क्वार्ट्झ क्रिस्टल नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. ११०.६ सेकंदांचा अर्धा टक्का म्हणजे ०.५५ सेकंद. जवळजवळ एक अख्खं चिन्ह शेवटी-शेवटी सरकलेलं असणार. फ्रिक्वेन्सी एडी९८५० च्या स्वतःच्या १२५ मेगाहर्ट्झ ऑसिलेटरवर चालते, म्हणून टोन नीट दिसतात. चिन्हांची वेळ मात्र उनो ठरवतो. चिन्हांचं घड्याळ जीपीएसच्या पल्सवरून घे किंवा डीएस३२३१ या अचूक घड्याळाच्या चिपच्या ३२ किलोहर्ट्झ पिनवरून. आणि प्रोग्राममध्ये ६८२ मिलिसेकंद असं पूर्णांकात लिहिलं असशील तर तेही बदल. शेवटपर्यंत १०८ मिलिसेकंदांचा फरक पडतो. तेवढ्याने डीकोड अडत नाही, पण रेझोनेटरच्या चुकीत भर कशाला?

खडकीकर
ओहायोकर, लेख छान. एक भर घालतो. एडी९८५० ने थेट १३७.५ काढू नका. त्याची सगळ्यात लहान पायरी १२५ मेगाहर्ट्झ भागिले २ चा ३२ वा घात, म्हणजे ०.०२९१ हर्ट्झ. आउटपुट किलोहर्ट्झमध्ये असो की मेगाहर्ट्झमध्ये, पायरी तीच. व्हिस्परला एवढं पुरतं, पण त्याहून हळू मोडला पुरणार नाही.

मी असं करतो: एडी९८५० वर ४.४ मेगाहर्ट्झ काढतो आणि ३२ ने भागतो. ७४एचसी४०४० मधून १६ ने भागलेलं आउटपुट घ्यायचं, ते ७४एचसी७४ च्या एका फ्लिप-फ्लॉपला द्यायचं, तिथे आणखी २ ने भाग जातो. फायदे मोजा. एक, पायरी ०.०००९ हर्ट्झ होते. दोन, फेज नॉइज (फ्रिक्वेन्सीची बारीक थरथर) आणि स्पर (नको ते जादा सिग्नल) ३० डेसिबलने उतरतात. तीन, फ्लिप-फ्लॉपच्या क्यू आणि उलट्या क्यू पिनवर बरोबर ५० टक्क्यांच्या, एकमेकांच्या विरुद्ध दोन लहरी आयत्या मिळतात. पुश-पुलच्या दोन्ही मॉसफेटचे ड्रायव्हर सरळ त्यांना जोडायचे. चार, ऑसिलेटर ४.४ वर आणि पॉवर १३७.५ वर असल्यामुळे ॲम्प्लिफायरची ऊर्जा परत आत शिरून फ्रिक्वेन्सी ओढत नाही.

टोनचं अंतरही ३२ पट करायला विसरू नका. १.४६४८ गुणिले ३२, बरोबर ४६.८७५ हर्ट्झ. कागदावर इतका स्वच्छ आकडा क्वचित मिळतो.

मॉड्यूलवर एक निळा प्रीसेट असतो, चौकोनी आउटपुटची ड्यूटी (लहर किती वेळ वर राहते ते) लावायला. पोरं त्याच्याशी तास-तास खेळत बसतात. पुढे भागाकार असेल तर तो मधोमध ठेवा आणि विसरा. लहर येतेय ना, झालं. आयसी पासोड्या विठोबाजवळ कुठल्याही दुकानात मिळतील, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच.

लेस्टरवासी
खडकीकरांना +१. इकडे इंग्लंडमध्ये १३६ किलोहर्ट्झवर १९९८ पासून हौशी आहेत, त्यामुळे भागाकाराची ही युक्ती इथे जुनी आणि मुरलेली. मी मात्र एसआय५३५१ ही फ्रिक्वेन्सी तयार करणारी दुसरी चिप वापरतो. त्याचा व्हीसीओ (आतला ऑसिलेटर) ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्ये चालतो. ६६० वर ठेवला तर १३७.५ किलोहर्ट्झसाठी एकूण भाजक ४८०० होतो. आतला आर-डिव्हायडर (शेवटचा जादा भागाकार) वापरावाच लागतो, नाहीतर चिप इतकं खाली येत नाही. २५ मेगाहर्ट्झ क्रिस्टलवर पीएलएलची (व्हीसीओला क्रिस्टलशी बांधणारा भाग) पायरी २३.८ हर्ट्झ, तिला ४८०० ने भागा, ०.००५ हर्ट्झ. म्हणजे बाहेर वेगळा भागाकार न लावता काम होतं.

एक काळजी घ्या. टोन बदलताना फक्त पीएलएलचा अपूर्णांक बदलायचा, पीएलएल रीसेट करायचा नाही. काही लायब्ऱ्या प्रत्येक वेळी फ्रिक्वेन्सी लिहिताना गुपचूप रीसेट मारतात. मग दर ०.६८ सेकंदाला टिक्-टिक् असा क्लिक सगळ्या बँडभर पसरतो. शेजारच्या गावातल्या हॅमने मेल पाठवण्याआधी ते तपासा.

आता हळू मोडबद्दल. २०२१ मध्ये डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या २.३ आवृत्तीत एफएसटी४डब्ल्यू आला, तो खास या दोन बँडांसाठीच. संदेश तोच ५० बिटांचा, पण चिन्हं १६० आणि कोड जास्त ताकदवान. कालावधी चार: १२०, ३००, ९०० आणि १८०० सेकंद. १२० वाला व्हिस्परपेक्षा दीडेक डेसिबल सरस, वापरायला तितकाच सोपा. खरी गंमत १८०० ची. एक चिन्ह ११.२ सेकंद, टोनमधलं अंतर ०.०८९ हर्ट्झ, अख्खा सिग्नल ०.३६ हर्ट्झ रुंद, आणि साधारण उणे ४५ डेसिबलपर्यंत डीकोड. २२०० वर महासागर ओलांडायचा तर हे हत्यार. एडी९८५० च्या उघड्या पायरीवर मात्र टोनमध्ये जेमतेम तीन पायऱ्या बसतात, म्हणून खडकीकरांचा भागाकार इथे अनिवार्य.

शिवाय एफएसटी४डब्ल्यूमध्ये टोन एकदम उडी मारत नाही, गुळगुळीत वळणाने बदलतो. डीडीएसवर ते करायचं तर प्रत्येक बदलाच्या वेळी मधल्या दहा-वीस किमती क्रमाने लिहायच्या. वेळ भरपूर असतो, ११ सेकंदांत अर्डुइनो झोप काढून उठेल.

टोमणेबहाद्दर
अर्ध्या तासात एक वाक्य. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा वेगही हाच आहे.

निवृत्त स्पार्क्स
धागा वाचून जुने दिवस आठवले. मी मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो. तुमच्या ६३० मीटरच्या अगदी शेजारी ५०० किलोहर्ट्झ, आमची संकटकाळची फ्रिक्वेन्सी. रेडिओ रूमच्या भिंतीवरच्या घड्याळात दोन लाल पट्टे असायचे: १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटं. त्या वेळात जगभरातल्या प्रत्येक जहाजाने हात आवरून फक्त ऐकायचं, कुणाचा एसओएस येतोय का. अरबी समुद्रात रात्री बॉम्बे रेडिओ, व्हीडब्ल्यूबी, खणखणीत लागायचा. १ फेब्रुवारी १९९९ ला उपग्रहाची नवी व्यवस्था पूर्ण लागू झाली आणि मोर्स गेला.

माझा प्रश्न अँटेनाचा. जहाजावर डोलकाठ्यांमध्ये लांब तार आणि खाली खारं पाणी, त्याहून चांगलं अर्थिंग नाही. तुम्ही परसात काय करता? १३७ किलोहर्ट्झचा पाव लाटेचा खांब ५५० मीटर होतो!

ओहायोकर
स्पार्क्स काका, दंडवत. त्या घड्याळाबद्दल आणखी लिहाच कधीतरी.

परसात १२ मीटरचा खांब आहे आणि वर आडव्या तारांची टोपी. आकडेच देतो. अशा अँटेनाचा रेडिएशन रेझिस्टन्स (ज्यातली पॉवर खरोखर हवेत जाते तो) १३७ वर साधारण ०.०५ ओहम, ४७५ वर ०.५७ ओहम. बाकी जमिनीत आणि कॉइलमध्ये जो रेझिस्टन्स आहे तो नुसती उष्णता करतो. १ वॅट ईआयआरपी काढायला ६३० वर ०.७६ अँपिअर लागतात; तोटा ३० ओहमचा धरला तर सुमारे १८ वॅट. २२०० वर तीच अँटेना २.६ अँपिअर मागते. तोटा ६० ओहम धरला तर ४२० वॅट. १ वॅटसाठी!

आणि व्होल्टेज वेगळंच. अँटेनाची कपॅसिटी ३०० पिकोफॅरड धरा. १३७ वर ती ३८६० ओहमची होते, कॉइल साडेचार मिलिहेन्रीची लागते आणि अँटेनाच्या पायथ्याशी १० हजार व्होल्ट येतात. ६३० वर कॉइल ३७० मायक्रोहेन्री आणि ८५० व्होल्ट. म्हणून नवख्यांना माझा सल्ला: ६३० पासून सुरुवात करा. २२०० च्या कॉइलजवळ मुलं, कुत्री, पाहुणे कुणीच फिरकता कामा नये. ओला पीव्हीसी पाइप त्या व्होल्टेजला जळतो, वास दोन घरं सोडून जातो.

थंडीत तारांवर बर्फ धरला की अँटेनाची कपॅसिटी बदलते आणि सगळं ट्यूनिंग हलतं. त्यासाठी व्हेरिओमीटर, म्हणजे मोठ्या कॉइलच्या आत फिरणारी छोटी कॉइल. ती मोटरने फिरवतो, खिडकीतून.

खडकीकर
आपल्याकडे बर्फाच्या जागी पावसाळा. पण त्याआधी परवान्याचं बोलू. भारतातल्या मंडळींनी पाठवण्यापूर्वी आपल्या परवान्याची अनुसूची उघडून बघावी, कुठले बँड आणि किती पॉवर लिहिली आहे ते. अनुसूचीत नसेल तर डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) आणि रिसीव्हर, एवढ्यावरच थांबायचं. १६० मीटर म्हणजे १८२० ते १८६० किलोहर्ट्झ आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे. व्हिस्परची जागा त्यातच येते: डायल १८३६.६, सिग्नल १८३८ च्या जरा वर. हाच जनरेटर तिथे चालतो, फक्त भागाकार कमी करा. कॉइल छोटी, धोका कमी, परवाना आहे, मग अडलंय कुठे?

ऐकण्यासाठी थंडीच्या रात्री. एप्रिलपासून विजांचा कडकडाट सुरू झाला की लाँगवेव्हवर नुसता खरखराट. आणि घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर हे बाराही महिने छळतात. मेन स्विच बंद करून बॅटरीवर रिसीव्हर लावून बघा, अर्धा आवाज आपल्याच घरातला निघतो.

अवांतर: लहान लहरींनी मोठ्या लहरींना कसं मागे टाकलं याची गोष्ट माझ्या गावातच आहे. ब्रिटिश साम्राज्याला जोडणारी बिनतारी साखळी आधी अवाढव्य लाँगवेव्ह केंद्रांची होणार होती. मार्कोनीच्या शॉर्टवेव्ह बीमने तो बेत उलटवला आणि १९२७ मध्ये इंग्लंडशी बिनतारी सुरू झाली ती इथून: पाठवायचं केंद्र खडकीला, ऐकायचं दौंडला.

केतकी_कराड
डीकोड झालं!! चिन्हांचं घड्याळ डीएस३२३१ वर नेलं आणि लगेच आलं. डमी लोडवरच आहे, घाबरू नका. ४०४० आणि ७४७४ पण लावले. आता दोन प्रश्न.
१. डीएस३२३१ ला भारतीय वेळ लावली आहे. सम मिनिट यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळेचं) धरायचं ना? घोटाळा होईल का?
२. चौकोनी लहर आहे तर फिल्टर किती कडक हवा?

लेस्टरवासी
अभिनंदन! पहिल्याचं उत्तर: आपला फरक साडेपाच तासांचा, आणि ३० मिनिटं सम आहेत. यूटीसीचं सम मिनिट ते भारताचंही सम मिनिट. १८०० सेकंदांचे स्लॉटसुद्धा तासाला आणि अर्ध्या तासालाच येतात. काठमांडूत असतीस तर फसली असतीस, तिथे पावणेसहा तास. डीएस३२३१ दिवसाला फार तर ०.१७ सेकंद चुकतो, तेव्हा आठवड्यातून एकदा जीपीएसशी जुळवलंस तरी पुरे.

ओहायोकर
दुसऱ्याचं मी देतो. चौकोनी लहरीतला तिसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिपटीवरचा सिग्नल) मूळ सिग्नलच्या फक्त साडेनऊ डेसिबल खाली असतो. आता बघ, ४७५.७ चा दुसरा हार्मोनिक ९५१ किलोहर्ट्झ, तिसरा १४२७. दोन्ही मीडियम वेव्हच्या ऐन मध्यात. १३७.५ चा पाचवा ६८७.५, तोही तिथेच. आजोबा आकाशवाणी ऐकत असतील तर पहिली तक्रार घरातूनच येईल. पुश-पुल नीट जुळलं असेल तर सम हार्मोनिक बरेच मरतात, पण त्यावर विसंबू नकोस. किमान पाच घटकांचा लो-पास लाव. ५० ओहमसाठी ५०० किलोहर्ट्झच्या आसपास सुरुवातीचे आकडे १६ मायक्रोहेन्री आणि ६.४ नॅनोफॅरड, मग तक्त्यावरून बारीक जुळवणी. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचेच घे. साधे सिरॅमिक डिस्क चार-पाच प्रसारणांतच गरम होतात आणि किंमत बदलते.

खडकीकर
आणि स्थिरतेची उगाच धास्ती घेऊ नकोस. १३७.५ वर १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे फक्त ०.१४ हर्ट्झ, हीच चूक १४ मेगाहर्ट्झवर १४ हर्ट्झ होते. व्हिस्परला साधा ऑसिलेटरही चालतो, फक्त पंख्याचा वारा त्यावर येऊ देऊ नकोस. १८०० सेकंदांच्या मोडला टीसीएक्सओ (तापमानाची चूक भरून काढणारा ऑसिलेटर) किंवा जीपीएसने बांधलेला ऑसिलेटर हवाच, कारण तिथे अर्ध्या तासात ०.१ पीपीएमची सरकसुद्धा टोनच्या अंतराच्या सहाव्या भागाएवढी होते.

केतकी_कराड
धन्यवाद सगळ्यांना. शेवटचं एक: संदेशातल्या पॉवरच्या रकान्यात काय भरू? ट्रान्समीटरची पॉवर की ईआयआरपी?

ओहायोकर
हे दोन बँड असतील तर बहुतेक जण ईआयआरपी भरतात, कारण ट्रान्समीटरच्या ४०० वॅटना इथे काही अर्थ नाही. १ वॅट म्हणजे ३० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल), ५ वॅट म्हणजे ३७. आकडा ०, ३ किंवा ७ नेच संपायला हवा, मधला आकडा कोड स्वीकारत नाही. आत्ता डमी लोडवर आहेस तर ० भर. चिन्हं नव्याने काढून ॲरे बदलायला मात्र विसरू नको, पॉवर बदलली की चिन्हं बदलतात.